बालकाचे मत (बालसंरक्षणातील)

बालकाची सुरक्षितता, निवास, ताबा, दत्तकविधान अथवा संगोपन यांसंबंधी न्यायालय, शासकीय अधिकारी वा संस्था निर्णय घेतात, त्या वेळी संबंधित बालकाने स्वतः व्यक्त केलेले म्हणणे, इच्छा किंवा पसंती यांस बालकाचे मत म्हणतात. ते शब्दांतूनच व्यक्त होते असे नाही. लहान मूल खेळातून, चित्रांतून, विशिष्ट व्यक्तीला बिलगण्यातून किंवा तिला टाळण्यातूनही आपले मत प्रकट करीत असते. कायद्याच्या इतिहासात बालकाच्या म्हणण्यास तीन निरनिराळ्या स्वरूपांत स्थान मिळत गेले : घडलेल्या घटनेची साक्ष, ताब्याच्या वादातील पसंती आणि स्वतःविषयीच्या निर्णयात सहभागी होण्याचा हक्क. यांपैकी साक्षीचे स्थान सर्वांत जुने, तर हक्काचे सर्वांत अलीकडचे आहे. बालक बोलण्यास असमर्थ असते, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. प्रत्यक्षात बालके अनेकदा बोलली होती. परंतु त्यांचे ऐकून घेण्याची व ऐकलेल्यानुसार कृती करण्याची रीत प्रौढांच्या संस्थांत नव्हती, असेच या विषयाच्या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : प्राचीन रोमन विधीत अपत्यावर पित्याची जवळजवळ अनिर्बंध सत्ता मानली जाई. इंग्लंडमध्ये मध्ययुगानंतर राजा हा असहाय व्यक्तींचा पालक होय, या तत्त्वाच्या आधारे न्यायालये अज्ञान व्यक्तींच्या बाबतीत हस्तक्षेप करू लागली. या तत्त्वामुळे बालकाचे हित हा न्यायालयाचा विषय बनला. मात्र ते हित कशात आहे, हे ठरविण्याचा अधिकार पिता, न्यायाधीश किंवा धर्मसंस्था यांच्याकडेच राहिला. बालक हे संरक्षणाचा विषय होते, संरक्षणविषयक विचारविनिमयातील घटक नव्हते.

साक्षीदार म्हणून बालक : इंग्लंडमध्ये १७७९ साली ब्रेझिअर खटल्यात न्यायाधीशांनी साक्षीसाठी वयाची ठराविक मर्यादा नाही, असा निर्वाळा दिला. सात वर्षांखालील बालकासही शपथेचे गांभीर्य समजत असेल, तर साक्ष देता येईल. पण शपथेविना दिलेली साक्ष ग्राह्य नाही, असे त्यात ठरले. ही कसोटी बालकाच्या सत्यनिष्ठेपेक्षा त्याच्या धार्मिक शिक्षणाचीच अधिक होती. अत्यंत लहान मुलींवरील अत्याचाराचे खटले त्यामुळे पुराव्याअभावी निष्फळ ठरत. १८८५ च्या कायद्याने काही गुन्ह्यांपुरती बालिकेची शपथेविना दिलेली साक्ष मान्य करण्यात आली. तथापि तिला अन्य पुष्टिकारक पुराव्याची जोड आवश्यक होती.

भारतात १८७२ च्या पुरावा अधिनियमाने तुलनेने उदार भूमिका घेतली. ज्या व्यक्तीस प्रश्न समजतात व त्यांची सयुक्तिक उत्तरे देता येतात, ती व्यक्ती वय कितीही असले तरी साक्ष देण्यास पात्र आहे, असे त्याच्या ११८ व्या कलमात सांगितले होते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम राहिले. १९५१ मध्ये रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ शपथ दिली नाही या कारणास्तव लहान मुलीची साक्ष अग्राह्य ठरत नाही, असा निर्णय दिला. १९६९ च्या शपथ अधिनियमाने बारा वर्षांखालील साक्षीदारास सत्य बोलण्याचे कर्तव्य समजत असेल, तर शपथेचे स्वरूप समजत नसतानाही शपथेविना साक्ष देण्याची मुभा दिली. अशा रीतीने भारतीय न्यायालयाचे दार बालकास तत्त्वतः लवकर उघडले. परंतु आत गेल्यावर त्यास प्रौढांसाठी आखलेल्या उलटतपासणीस तोंड द्यावे लागे.

संमतिवयाचा वाद : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात बालविवाहासंबंधी जो वाद झाला, त्यातून बालकाच्या मतासंबंधीचा एक मूलभूत प्रश्न पुढे आला. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी झाला होता. पुढे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये वैवाहिक सहवासाच्या हक्कासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. अजाण वयात संमतीवाचून झालेल्या विवाहामुळे आपणास सहवासाचे बंधन घालता येणार नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण अपिलानंतर १८८७ मध्ये पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश झाला. अखेरीस १८८८ मध्ये तडजोड होऊन हे प्रकरण मिटले. पुढे रखमाबाईंनी इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात दीर्घकाळ सेवा केली.

बेहरामजी मलबारी (१८५३–१९१२) यांनी १८८४ पासून चालविलेली चळवळ आणि बंगालमधील फुलमणी दासी या बालवधूचा मृत्यू यांच्या पार्श्वभूमीवर १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आले. या वादात धर्मशास्त्राचे पंडित, सुधारक, वैद्यक व्यावसायिक, वृत्तपत्रकार व शासनकर्ते या सर्वांची मते सविस्तर नोंदली गेली. ज्यांच्यासाठी कायदा होत होता, त्या बालिकांचे म्हणणे मात्र त्यात जवळजवळ आढळत नाही. रखमाबाईंनी बालवधूच्या बाजूने उत्तर दिले. पण तेही मोठेपणी आणि शिक्षणाच्या बळावर. याच सुमारास संमत झालेल्या १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात, सुजाणपणे पसंती ठरविण्याइतके अज्ञान व्यक्तीचे वय असेल, तर न्यायालयास ती पसंती विचारात घेता येईल, अशी तरतूद करण्यात आली. ही तरतूद न्यायालयावर बंधनकारक नव्हती, तरी ताब्याच्या वादात न्यायाधीशांनी मुलाशी आपल्या दालनात प्रत्यक्ष बोलण्याची प्रथा पुढे तिच्या आधारे रूढ झाली.

संरक्षण-चळवळीचा उदय : न्यूयॉर्क शहरात १८७४ साली मेरी एलेन नावाच्या सुमारे दहा वर्षांच्या मुलीस तिचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीकडून होणारी नित्याची मारहाण एका धर्मसेविकेच्या प्रयत्नाने उघडकीस आली. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे प्रमुख हेन्री बर्ग व वकील एल्ब्रिज गेरी यांनी तिला न्यायालयासमोर आणले. तेथे तिने आपली हकीकत स्वतः सांगितली आणि त्या स्त्रीस शिक्षा झाली. या घटनेतून बालकांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी पहिली संस्था स्थापन झाली. लिव्हरपूल (१८८३) व लंडन (१८८४) येथेही तशा संस्था निघाल्या. तथापि या चळवळीचा भर बालकास घरातून सोडविण्यावर होता. सोडविल्यानंतर त्यास कोठे ठेवावे, याविषयी त्याला विचारण्याची आवश्यकता सहसा वाटत नसे.

मुंबईतील डेव्हिड ससून सुधारगृह (१८५७), मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) येथील बालक अधिनियम आणि मुंबईतील चिल्ड्रन्स एड सोसायटी (१९२७) यांनी भारतात बालकांसाठी स्वतंत्र व्यवस्थेचा पाया घातला. निराश्रित, उपेक्षित व गुन्हेगार मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे करणे, ही या कायद्यांची मोठी कामगिरी होय. मात्र त्यांत बालकाच्या हिताची भाषा आहे, मताची नाही [⟶ बालकल्याण, बालगुन्हेगारी].

याच काळात पोलंडमधील वैद्य व शिक्षणतज्ञ यानुश कॉर्चाक (१८७८–१९४२) यांनी वॉर्सा येथील अनाथालयात वेगळा प्रयोग केला. तेथे मुलांचे न्यायमंडळ होते व मुलांना प्रौढ शिक्षकांविरुद्धही तक्रार नेता येई. स्वतः कॉर्चाक यांच्यावरही तेथे अभियोग चालले. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेले एक वृत्तपत्र सुरू केले. १९४२ मध्ये नाझींनी अनाथालयातील मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेले, तेव्हा त्यांची साथ न सोडता कॉर्चाकही त्यांच्याबरोबर गेले. बालक हे उद्याचे नागरिक म्हणून नव्हे, तर आजची व्यक्ती म्हणून आदरास पात्र आहे, हा त्यांचा विचार पुढील आंतरराष्ट्रीय प्रयत्नांना प्रेरक ठरला.

इंग्लंडमधील चौकशा : संरक्षण देणाऱ्या यंत्रणेने बालकाचे म्हणणे दुर्लक्षिल्यास काय घडते, याचे भान इंग्लंडमध्ये काही गाजलेल्या प्रकरणांच्या चौकशीतून आले. मारिआ कॉलवेल ही मुलगी शैशवापासून आत्याच्या घरी वाढली होती. १९७१ मध्ये तिला आई व सावत्र वडील यांच्याकडे परत पाठविण्यात आले. तिने या बदलास तीव्र विरोध दर्शविला होता. परंतु आईच्या अर्जास स्थानिक प्राधिकरणाने हरकत घेतली नाही आणि मुलीची बाजू स्वतंत्रपणे मांडणारे न्यायालयात कोणीही नव्हते. जानेवारी १९७३ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, सावत्र वडिलांच्या मारहाणीत तिचा मृत्यू झाला. १९७४ मध्ये चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७५ च्या बालक अधिनियमाने प्राधिकरणाच्या देखभालीतील मुलांच्या इच्छा व भावना विचारात घेण्याचे कर्तव्य घालून दिले आणि पालकांहून वेगळ्या अशा स्वतंत्र प्रतिनिधीची तरतूद केली.

क्लीव्हलंड येथील १९८७ चे प्रकरण याच्या उलट स्वरूपाचे होते. तेथे काही महिन्यांच्या अवधीत १२१ मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचे निदान मुख्यतः वैद्यकीय तपासणीच्या आधारे करण्यात आले व अनेक मुलांना तातडीने घरांतून हलविण्यात आले. एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या अहवालाने यंत्रणेतील विसंवादावर बोट ठेवले. मुलांची वारंवार तपासणी व विचारपूस करू नये, काय चालले आहे ते त्यांना समजावून सांगावे, त्यांचे म्हणणे काळजीपूर्वक ऐकून न्यायालयापुढे ठेवावे, अशा शिफारशी त्यात होत्या. बालक ही व्यक्ती आहे, केवळ चिंतेचा विषय नव्हे, हे या अहवालाचे सूत्र पुढे सर्वमान्य झाले. पहिल्या प्रकरणात मुलीने व्यक्त केलेल्या विरोधाची उपेक्षा झाली होती. दुसऱ्यात मुलांच्या म्हणण्यापेक्षा प्रौढांच्या निष्कर्षास अधिक वजन मिळाले होते. दोन्हींतील दोष एकाच प्रकारचा होता.

इंग्लंडच्या १९८९ च्या बालक अधिनियमात न्यायालयाने विचारात घ्यावयाच्या बाबींच्या यादीत बालकाच्या इच्छा व भावना यांस प्रथम क्रमांक देण्यात आला. तरीही प्रत्यक्ष संरक्षणविषयक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर तसे वैधानिक कर्तव्य २००४ पर्यंत नव्हते. आयव्हरी कोस्टमधून लंडनमध्ये आणलेल्या व्हिक्टोरिया क्लिंबी या आठ वर्षांच्या मुलीचा २००० मध्ये छळामुळे मृत्यू झाला. रुग्णालये, पोलीस व समाजसेवा विभाग यांच्या संपर्कात ती अनेकदा आली होती. पण तिच्याशी फारच थोडे बोलणे झाले होते, असे लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीत (२००३) दिसून आले. त्यानंतर २००४ च्या कायद्याने ही त्रुटी दूर केली. स्कॉटलंडमध्ये मात्र १९७१ पासूनच तीन नागरिकांचे मंडळ बालक व त्याचे कुटुंबीय यांच्याशी एकत्र बसून निर्णय घेते.

मानसशास्त्रीय संशोधन : बालकाच्या कथनावर किती विसंबावे, हा प्रश्न मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या आरंभापासून अभ्यासला आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बीने (१८५७–१९११) यांनी १९०० साली सूचनवशतेवरील ग्रंथात, प्रश्नाच्या रचनेनुसार मुलांची उत्तरे कशी बदलतात, हे प्रयोगांनी दाखविले. अशा संशोधनाचा उपयोग प्रारंभी मुलांची साक्ष अविश्वसनीय ठरविण्यासाठीच अधिक झाला. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात (१९८३–९०) मुलांना पुनःपुन्हा सूचक प्रश्न विचारण्यात आल्याने त्यांच्या कथनाचे मूल्यच नष्ट झाले व एकाही आरोपीवर दोष सिद्ध झाला नाही. पुढील संशोधनातून असे स्पष्ट झाले, की ‘काय झाले ते सगळे सांग’ यासारख्या मोकळ्या प्रश्नास लहान मुलेही बऱ्याच अंशी अचूक, जरी संक्षिप्त, उत्तर देतात. चूक प्रामुख्याने सूचक व होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांमुळे शिरते. म्हणजेच बालकाच्या कथनाची विश्वसनीयता बव्हंशी विचारणाऱ्या प्रौढाच्या कौशल्यावर अवलंबून असते.

या जाणिवेतून निरनिराळ्या देशांनी विशेष पद्धती स्वीकारल्या. इझ्राएलने १९५५ मध्येच लैंगिक गुन्ह्यांत चौदा वर्षांखालील मुलांची विचारपूस पोलिसांऐवजी प्रशिक्षित बाल-चौकशी अधिकाऱ्याकडे सोपविली व आवश्यक तेथे त्यालाच मुलाच्या वतीने साक्ष देण्याची मुभा दिली. आरोपीस मुलाची उलटतपासणी घेता येत नाही, अशी टीका या पद्धतीवर झाली. म्हणून दोषसिद्धीसाठी पुष्टिकारक पुरावा आवश्यक मानण्यात आला. अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९८५ मध्ये आणि आइसलँडमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या केंद्रांत पोलीस, वैद्य व समाजसेवक एकाच ठिकाणी येतात, त्यामुळे बालकास तीच हकीकत अनेकांपुढे सांगावी लागत नाही.

आंतरराष्ट्रीय करार : एग्लंटाइन जेब (१८७६–१९२८) यांच्या प्रेरणेने राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारलेला जिनीव्हा जाहीरनामा आणि संयुक्त राष्ट्रांचा १९५९ चा बालहक्क जाहीरनामा यांत बालकास अन्न, उपचार, शिक्षण व संरक्षण देण्याचे कर्तव्य मानवजातीवर टाकलेले आहे, परंतु बालकाच्या मताचा उल्लेख दोहोंतही नाही. १९७८ मध्ये पोलंडने बंधनकारक कराराचा प्रस्ताव मांडला. सुमारे दहा वर्षांच्या विचारविनिमयानंतर २० नोव्हेंबर १९८९ रोजी आमसभेने बालहक्क करार संमत केला. त्याच्या बाराव्या अनुच्छेदानुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक बालकास आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मुक्तपणे व्यक्त करण्याचा हक्क असून, वय व परिपक्वता यांनुसार त्या मतास योग्य वजन देणे राज्यांवर बंधनकारक आहे. न्यायालयीन व प्रशासकीय कार्यवाहीत बालकास प्रत्यक्ष वा प्रतिनिधीमार्फत ऐकून घेण्याची संधीही त्यात अभिप्रेत आहे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी हा करार स्वीकारला.

करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००९ मध्ये या अनुच्छेदाचे विस्तृत विवरण केले. बालकास मत बनविण्याची क्षमता आहे असे गृहीत धरूनच आरंभ करावा, ती सिद्ध करण्याचा भार बालकावर नसावा आणि वयाची किमान मर्यादा घालू नये, असे समितीने सांगितले. ऐकण्याच्या प्रक्रियेचे तिने पाच टप्पे दिले : पूर्वतयारी, प्रत्यक्ष श्रवण, क्षमतेचे मूल्यमापन, मतास किती वजन दिले हे बालकास कळविणे आणि तक्रारीची व दाद मागण्याची सोय. बेलफास्ट येथील विधिज्ञ लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये, केवळ बालकाचा आवाज पुरेसा नसून सुरक्षित अवकाश, ऐकणारा जबाबदार श्रोता व निर्णयावर प्रत्यक्ष प्रभाव या गोष्टीही आवश्यक आहेत, अशी मांडणी केली.

भारतातील आधुनिक व्यवस्था : मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये १०९८ या क्रमांकाची बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. संकटातील बालकास प्रौढ मध्यस्थावाचून आपले म्हणणे सांगता यावे, हा तिचा विशेष होता. दूरध्वनी करून काहीही न बोलणारी बालकेही असतात, हे ध्यानात घेऊन अशा मूक दूरध्वनींकडेही संपर्काचा प्रयत्न म्हणून पाहिले गेले. २०२३ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने शासकीय यंत्रणेकडे सोपविण्यात आली. गोव्याने २००३ मध्ये स्वतंत्र बालक अधिनियम करून बाल न्यायालयाची तरतूद केली. २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमात सहभागाचे तत्त्व मूलभूत तत्त्वांत समाविष्ट आहे. बालकल्याण समितीने निर्णय घेताना बालकास ऐकावे आणि दत्तकविधानाचा आदेश देण्यापूर्वी वय व समज यांनुसार त्याच्या इच्छेचा विचार करावा, असे त्यातून निष्पन्न होते.

न्यायालयीन कार्यपद्धतीत ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निर्णय महत्त्वाचा ठरला. बालकास आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावावा, उलटतपासणीतील प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशाकडे द्यावेत व बालकास विश्रांती द्यावी, असे निदेश त्यात होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाने या रीतीस वैधानिक रूप दिले. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा; आवश्यक तेथे दुभाषी वा विशेष शिक्षकाचे साहाय्य घ्यावे; वकिलांनी बालकास थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशामार्फत विचारावेत; त्यास साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, अशा तरतुदी त्यात आहेत. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी देशभर स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याच्या दृष्टीने उच्च न्यायालयांना निदेश दिले.

मर्यादा व समस्या : बालकाचे मत ऐकणे म्हणजे ते जसेच्या तसे मान्य करणे नव्हे. ज्या घरात मारहाण झाली, त्याच घरी परत जाण्याची इच्छा मूल व्यक्त करते, असे अनेकदा घडते. भावंडांची काळजी, आईविषयीचे प्रेम, संस्थेतील एकाकीपण किंवा कोणी तरी दिलेली धमकी ही त्यामागील कारणे असू शकतात. अशा वेळी निर्णयाची जबाबदारी प्रौढांचीच राहते. परंतु त्या इच्छेमागील कारण शोधल्यास भावंडांना एकत्र ठेवणे, आईची नियमित भेट घडविणे यांसारखे मधले मार्ग सापडू शकतात. ताब्याच्या वादात आई किंवा वडील यांनी पढविलेले म्हणणे आणि मुलाचे स्वतःचे मत यांत फरक करणेही कठीण असते. दोहोंपैकी एकाची निवड करण्याचे ओझे मुलावर टाकणे हीदेखील एक प्रकारची इजाच होय.

२०१२ च्या अधिनियमानुसार अपराधाची माहिती मिळताच ती पोलिसांना देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. अपराध दडपले जाऊ नयेत हा त्यामागील हेतू आहे. परंतु विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्या इच्छेविरुद्ध पोलिसांकडे जाणार, हे आधी न समजल्यास बालक पुढे बोलणेच थांबविण्याचा संभव असतो. म्हणून ऐकणाऱ्याने गुप्ततेचे खोटे आश्वासन न देता पुढे काय होईल, ते आरंभीच सांगणे इष्ट मानले जाते. बोलीभाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आदिवासी, स्थलांतरित, मूकबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे म्हणणे प्रमाणभाषेतील अहवालात उतरविताना त्याचा आशय हरवू शकतो. यासाठी बालकाचे मूळ शब्द नोंदविणे, नोंद त्यास वाचून दाखविणे आणि अखेरीस निर्णय व त्याची कारणे त्याला कळेल अशा भाषेत सांगणे, या तीन गोष्टी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आवश्यक ठरतात. यांपैकी तिसरी गोष्ट, म्हणजे बालकास उत्तर देणे, व्यवहारात सर्वाधिक उपेक्षित राहण्याची शक्यता असते. आणि आपले म्हणणे कोणी ऐकले की नाही, हे बालकास प्रामुख्याने त्यावरूनच कळते.